पाण्याचं तेवढं विचार

पाणी हे आमच्या घरात अण्णांचं खातं. अण्णा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यात कारकून म्हणून ते निवृत्त झाले. म्हणजे उभी हयात त्यांनी कागदावरून पाणी फिरवलं आणि घरच्या नळाला मात्र आठवड्यातून एकदा, तेही नळाच्या मनात आलं तर. संभाजीनगरात हर्सूलच्या अंगाला आमचं घर आहे. पत्ता सांगताना जेलची खूण सांगावी लागते, त्यामुळे आमच्या घराण्याविषयी लोकांचे थोडे गैरसमज होतात, ते वेगळं. पाणी यायच्या दिवशी अण्णा सकाळपासून बनियन-लुंगीवर तयार असतात. मोटार त्यांनीच लावायची, पाइप त्यांनीच ओढायचा, टाकीचं झाकण त्यांनीच उघडायचं. आईनं नुसता बादलीच्या कडीला हात लावला तरी ते अंगावर येतात. आम्ही त्यांना चीफ इंजिनिअर म्हणायचो. कारकुनाला ही बढती घरातूनच मिळाली.

तर अशा माणसानं माझी अमेरिकेतली नोकरी शोधायला घेतली.

मी कॅन्सरची डॉक्टर. एमबीबीएस इथंच, घाटी नावाच्या सरकारी हॉस्पिटलच्या उन्हातान्हात झालं, पुढचं सगळं शिक्षण अमेरिकेत. नवराही तिथंच एका कंपनीत नोकरीला. माझं शिक्षण संपायला आलं होतं आणि त्याबरोबर व्हिसाही. तिथला नियम असा की, बाहेरून शिकायला आलेल्या डॉक्टरनं शिक्षण संपलं की दोन वर्षं आपल्या देशात परत जायचं. त्यातून सुटायचं असेल, तर जिथं डॉक्टर टिकत नाहीत अशा एखाद्या आडगावात तीन वर्षं काम करायचं आणि त्या गावच्या हॉस्पिटलनं तुमच्या व्हिसाची जबाबदारी घ्यायची. नोकरी मिळाली तर मी नवऱ्याजवळ राहणार. नाही मिळाली तर तो तिथं आणि मी इथं. लग्न झाल्यापासून आम्ही दोघं दोन वेगळ्या शहरांतच राहत होतो, त्यामुळे आता आणखी दोन वर्षं हे मला मुळीच नको होतं.

गल्लीतले अण्णांचे एक मित्र रोज ओट्यावर येऊन बसत. ते मला म्हणाले, इथं काय कॅन्सरचे पेशंट कमी आहेत का? कमी कुठले? मी शिकत होते तेव्हा आसपासच्या आठ जिल्ह्यांतून एसटीनं येणाऱ्या पेशंटांच्या रांगा मी पाहिल्या होत्या. त्यांचा प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडं त्याला झकास उत्तर नव्हतं. मला नवऱ्याबरोबर राहायचं होतं, एवढंच. एवढ्या साध्या उत्तरावर लोकांचं समाधान होत नाही, म्हणून मी त्यांना चहा दिला.

सुट्टी काढून मी महिनाभर घरी आले होते, पण सुट्टी कसली, नोकरी शोधणंच चाललं होतं. नोकऱ्या जुळवणारे तिथले मध्यस्थ मोठे प्रेमळ. तुमच्यासारख्या डॉक्टरचीच आम्ही वाट बघत होतो, असं पहिल्याच मेलमध्ये लिहीत. तळ्याकाठचं गाव, उत्तम शाळा, गोल्फचं मैदान. मी कधी हातात धरली नव्हती ती गोल्फची काठीही आपल्याला जमेल असं वाटायला लागायचं. मग मी नम्रपणे विचारायचे, व्हिसा कराल ना? की तिकडचं प्रेम एकदम आटायचं. कुणी कळवतो म्हणायचं, कुणी तेही नाही. एका ठिकाणी तर सगळं ठरत आलं आणि शेवटच्या फोनवर त्यांच्या लक्षात आलं की त्या वर्षीचा व्हिसाचा कोटा संपला आहे. माझ्या पत्रिकेत मंगळ नव्हता म्हणून लग्नाच्या वेळी आई देवाचे आभार मानत होती. तो असा नोकरीच्या वेळी निघाला.

अण्णांना हे सगळं फार ओळखीचं वाटलं. त्यांनी आमच्या भावकीतल्या किती मुलींच्या सोयरिकी जमवल्या होत्या. त्यांच्या मते ही सोयरीकच होती. मुलगी तीन वर्षांसाठी परगावी द्यायची, मग चौकशी नको? आणि चौकशी म्हणजे आमच्याकडं एकच. पाणी. मुलगा काय करतो, जमीन किती, सासू कशी, हे नंतर. आधी गावाला पाणी आहे का? पाणी नसलेल्या गावात मुलगी द्यायची नाही, तिचा जन्म डोक्यावर हंडे वाहण्यात जातो. माझ्यासाठी आलेलं एक चांगलं इंजिनिअरचं स्थळ अण्णांनी याच कारणावरून परत पाठवलं होतं. मुलगा मुंबईत होता, त्याचे आईवडील गावाकडं, मी गावात कधी राहणारही नव्हते, तरी नको. पुढं ज्या मुलाशी माझं लग्न झालं त्याच्या बाजूची सगळ्यात मोठी गोष्ट म्हणजे त्याच्या घरी चोवीस तास नळ होता. मला तो आवडला होता हे अण्णांनी जोडीला चालवून घेतलं.

त्यामुळे कोणत्याही हॉस्पिटलचं नाव निघालं की अण्णा चष्मा लावून माझ्या लॅपटॉपसमोर बसत आणि नकाशात निळा रंग शोधत. मुलाखतीच्या शेवटी ते लोक विचारतात, तुम्हाला काही विचारायचंय का? त्याची उत्तरं माझ्या सीनियर मैत्रिणींनी माझ्याकडून घोकून घेतली होती. रोज पेशंट किती, नर्स किती, सर्जन गावातच आहे का, असले शहाणे प्रश्न विचारायचे. अण्णा म्हणत, ते सगळं विचार, पण पाण्याचं तेवढं विचार. मी प्रत्येक वेळी हो म्हणायचे आणि विचारायचे नाही. कॅन्सरचा डॉक्टर मुलाखतीत नळाची चौकशी करतोय, हे मला कसंतरीच वाटायचं.

शेवटी एकच जागा उरली. अमेरिकेच्या मधोमध, सपाट मुलखातलं, गहू आणि मका पिकवणारं एक गाव. छोटं हॉस्पिटल, कॅन्सरचा एकच म्हातारा डॉक्टर, त्याला निवृत्त व्हायचं होतं. दुसरं कॅन्सरचं हॉस्पिटल गाडीनं काही तासांवर. व्हिसा करायला ते तयार होते. त्यांनी स्वतःहून लिहिलं तसं, मला विचारावंही लागलं नाही. मी इतकी हरखून गेले की गावाचं नाव अण्णांना सांगून बसले.

झालं. अण्णांनी रीतसर चौकशीला माणूस पाठवला. आत्याच्या जावयाचा भाऊ त्या भागात ट्रक चालवतो, हे आमच्या खानदानात अण्णांशिवाय कुणाच्या लक्षात नव्हतं. जाता जाता तेवढं गाव बघून ये, असं त्याला सांगण्यात आलं, आणि तो भला माणूस खरोखर वाट वाकडी करून गेला. त्यानं एक फोटो पाठवला. उंच पायांवर उभी असलेली पांढरीशुभ्र पाण्याची टाकी, तिच्यावर मोठ्या अक्षरांत गावाचं नाव. अशा टाक्या तिथं गावोगाव असतात. अण्णांना ते माहीत नव्हतं. त्यांनी फोटो बोटांनी मोठा करून पाहिला, ओट्यावरच्या मित्राला दाखवला, दूधवाल्याला दाखवला.

"टाकी बघ कसली हाय," ते आईला म्हणाले. "आख्ख्या गावाला आंघोळी घालून उरंल. सोयरीक पक्की समज."

आई धान्य निवडत होती. तिनं फोटो पाहिला आणि परत सुपात मान घातली. टाकी बघून आपण कधी भुलत नाही, असं ती पुटपुटली. आम्ही तिकडं लक्ष दिलं नाही. आईच्या पुटपुटण्याकडं लक्ष द्यायची आमच्याकडं पद्धत नाही.

मुलाखत व्हिडिओवर होती. त्यांची सकाळ म्हणजे आमची संध्याकाळ, दिवेलागणीनंतरची. मी धान्याच्या कोठीवर लॅपटॉप ठेवला, वर कोट घातला, खाली घरातली सलवार. पंख्याचा आवाज नको म्हणून पंखा बंद. मागच्या भिंतीवरचं किराणा दुकानाचं कॅलेंडर आईनं काढून ठेवलं. अण्णा लॅपटॉपच्या पाठीमागं, कॅमेऱ्याला दिसणार नाहीत असे पलंगावर बसले. तो दिवस पाण्याचा नव्हता. वेळापत्रक मी स्वतः पाहिलं होतं.

म्हातारा डॉक्टर मला पाहताक्षणी आवडला. सावकाश बोलणारा, भुवया पांढऱ्या, बोलताना पेनाचं टोपण काढघाल करणारा. आम्ही पेशंटांबद्दल बोललो, औषधांबद्दल बोललो, आणि माझी भीड चेपली. तेवढ्यात शेजारच्या काकूंचा आवाज आला, "पाणी आलं व्हो, पाणी!"

पुढचं सांगायला मला अजून लाज वाटते आणि हसूही येतं. गल्लीतल्या सगळ्या मोटारी एकदम सुरू झाल्या. दिवा पिवळा पडला. अण्णा पलंगावरून उठले, बसले, माझ्याकडं पाहिलं, पुन्हा उठले. मुलीची मुलाखत की पाणी, असा पेच त्या माणसाला आयुष्यात कधी पडला नसेल. शेवटी पाणी जिंकलं. आमचा नळ पुढच्या दारात आणि टाकी मागच्या अंगणात, त्यामुळे पाइप बैठकीच्या खोलीतूनच न्यावा लागतो. बनियन आणि लुंगीतले चीफ इंजिनिअर, खांद्यावर हिरवा पाइप, कॅमेऱ्याला आपण दिसू नये म्हणून कमरेत वाकून, नेमके माझ्या मागून गेले. वाकल्यामुळे ते जास्तच दिसले.

डॉक्टर बोलायचे थांबले. मागं काही झालंय का, असं त्यांनी काळजीनं विचारलं. मी सांगितलं की ते माझे वडील आहेत आणि पाणी आलंय. आता पाणी आलंय म्हणजे काय हे त्यांना सांगणं भाग होतं. मी सांगितलं की आमच्याकडं नळ रोज येत नाही, आला की सगळं सोडून भरावं लागतं. ते हसले नाहीत. त्यांनी पेन खाली ठेवलं आणि ते सरसावून बसले. किती दिवसांनी येतं, कुठून येतं, साठवता कसं, असं बारीकसारीक विचारत राहिले. मी पैठणच्या धरणाचं सांगितलं. मग नेहमीचा प्रश्न आला. तुम्हाला आम्हाला काही विचारायचंय का?

मी घोकलेला शहाणा प्रश्न आठवत होते, एवढ्यात दाराआडून अण्णांचा आवाज आला, "पाण्याचं तेवढं विचार, बाई."

वडील काय म्हणतात, असं डॉक्टरांनी विचारलं. मला खोटं सुचलं नाही. मी म्हटलं, ते विचारतायत, तुमच्या गावाला पाणी आहे का?

माझी नोकरी इथंच गेली असं मला वाटलं. डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. मग ते म्हणाले, "वडिलांना सांगा, नाही. तसा नळ रोज येतो, पण जमिनीतलं पाणी दर वर्षी खाली चाललंय. माझ्या लहानपणी आमच्या शेतातल्या विहिरीला जे पाणी होतं ते आता नाही. शेती सोडून लोक निघून चाललेत. म्हणूनच इथं डॉक्टर टिकत नाही. मी तुम्हाला आधीच सांगायला हवं होतं." मग त्यांनी बाकीचंही सांगून टाकलं. वारा फार, हिवाळा वाईट, विमानतळ लांब, पाण्याला चव नाही, याच जागेवर आधी आलेली डॉक्टर वर्षाच्या आत सोडून गेली. एवढं सगळं ऐकूनही यावंसं वाटलं, तर जागा तुमची आहे, आठवडाभरात कळवा, असं म्हणून त्यांनी निरोप घेतला.

पाणी भरून झालं होतं. आई चुलीपाशी, म्हणजे गॅसपाशी, भाकरी थापत होती. अण्णा पाय धुऊन पाटावर बसले आणि म्हणाले, काय म्हणाला गडी? मी सगळं सांगितलं, टाकीपासून वाऱ्यापर्यंत. 

"टाकी तर लई मोठी व्हती," ते म्हणाले.

मी म्हटलं, टाकी मोठी आहे, विहिरी आटतायत.

"मग नगं. त्यापरीस दोन वर्सं घरी ये. जावईबापूला मी समजावतो. कोरड्या गावात मी पोरगी देत नसतो."

मी चिडले. मी काय तिथं हंडे वाहायला जाणार होते का? माझं अर्धं आयुष्य या शिक्षणात गेलं, नवरा तिकडं एकटा बसलाय, आणि यांना विहिरीचं पडलंय. मला रडू यायला लागलं आणि रडताना मी आणखी चिडले. अण्णाही हट्टाला पेटले. चौकशी केल्याशिवाय मुलगी दिली की काय होतं ते तुला माहीत नाही, असं ते म्हणाले.

तव्यावरची भाकरी आईनं उलथली. "चौकशी तर माझ्या बापानंबी केली व्हती," ती म्हणाली.

अण्णांनी हातातला घास ताटात ठेवला. इतक्या एकदम की मी रडायची थांबले.

मग आईनं मला सांगितलं. अण्णांकडं न बघता, भाकरी थापता थापता. आमचं मूळ गाव पैठण तालुक्यात, पण कालव्याच्या वरच्या अंगाला. धरणाचं पाणी गावातून दिसतं, गावात येत नाही. आईचं माहेर नदीकाठचं. तिचे वडील घर बघायला आले ते सगळ्यात आधी हौदाशी गेले. हौद काठोकाठ भरलेला, पाणी बाहेर सांडत होतं, बैल धुतलेले. त्यांनी हौदातलं पाणी ओंजळीनं पिऊन पाहिलं आणि तिथंच सुपारी फोडली. चारच दिवसांत लग्न होऊन आई आली आणि हळद उतरायच्या आत हौद कोरडा पडला. तो तिचे वडील यायच्या आदल्या दिवशी दुसऱ्या गावाहून बैलगाडीत टिपाडं भरभरून आणून भरलेला होता; हे काम अण्णांच्या भावाचं, असं घरात सगळे सांगत. त्यानंतर शहरात येईपर्यंतची सगळी वर्षं आई लांबच्या ओढ्यातल्या झऱ्यावरून डोक्यावर दोन-दोन हंडे आणत राहिली. तिची मान आजही एका बाजूला पुरती वळत नाही.

अण्णा ताटाकडं बघत होते. मान वर न करता ते म्हणाले, "म्या भरला व्हता हौद. भाऊ नव्हं, म्या."

"ठाव हाय की," आई म्हणाली. "हार घालताना हात बघितलं व्हतं तुमचं. पोहऱ्याच्या दोरीनं सोलून निघालं व्हतं. मला वाटलं, पोरगं लई कष्टाळू दिसतंय."

मला हसू फुटलं. अण्णांना नाही. पस्तीसेक वर्षांच्या संसारात या गोष्टीबद्दल ते दोघं एका शब्दानं बोलले नव्हते, हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. आपल्या घरानं फसवलं हे तिला कळलंय, हे त्यांना माहीत होतं. पण त्यांचे सोललेले हात तिनं पाहिले होते आणि त्यावरून त्यांना पसंत केलं होतं, हे त्यांना आता कळत होतं.

आईनं भाकरी माझ्या ताटात टाकली आणि मग अण्णांकडं सरळ पाहिलं. "त्या डॉक्टरानं हौद भरून नाय दाखिवला," ती म्हणाली. "नाय तर नाय म्हणला. असल्या माणसाच्या गावात पोरगी द्यायला काय हरकत हाय?"

अण्णा हो म्हणाले नाहीत. त्यांनी भाकरी मोडली, खाल्ली, हात धुतला आणि टाकीचं झाकण लागलंय का ते बघायला मागच्या अंगणात गेले. झाकण लावलेलं होतं, ते मला माहीत होतं. परत आले तेव्हा डोळे पुसलेले दिसत होते. कळव त्यांना, असं ते मला म्हणाले.

मी कळवलं. कागदपत्रांना वेळ लागला, पण व्हिसा झाला. कंपनीनं नवऱ्याला घरून काम करू दिलं, आणि त्या सपाट गावात मी आणि तो एका घरात राहायला लागलो, लग्नानंतर पहिल्यांदाच नीट. वारा डॉक्टर म्हणाले होते त्याहून वाईट निघाला आणि पाण्याला खरोखरच चव नाही. त्यांनी सांगितलेलं काहीच खोटं निघालं नाही, याचा मला तिथल्या वाईट दिवसांत मोठा आधार वाटत आला.

पण मला अजून आठवतो, मी घरून निघाले तो दिवस. त्या सकाळी नेमकं पाणी आलं. अण्णा माझ्या बॅगेला दोरी बांधत होते, म्हणून आई उठली आणि तिनं नळाखालची बादली उचलायला हात घातला. अण्णा दोरी तशीच टाकून धावले आणि त्यांनी तिच्या हातातून बादली घेतली. नेहमीसारखे अंगावर आले, तुला कुणी सांगितलं मधी मधी करायला, वगैरे. हे मी लहानपणापासून पाहत आले होते आणि त्याला हट्टी माणसाचा हट्ट समजत आले होते. आई बाजूला होऊन माझ्याजवळ दारात येऊन उभी राहिली.

"शहरात आल्यापास्नं मला एक बादली उचलू दिली नाय बघ," ती हळूच म्हणाली. "एक हौद भरला खोटा, तवापास्नं भरतच हाय बिचारं."

अण्णांनी विचारलं, काय म्हणते गं ती? काही नाही, मी म्हटलं. ते बादली घेऊन मागच्या अंगणात गेले. गाडी येईपर्यंत मी आणि आई दारातच उभ्या होतो, आणि ते पाणी भरत होते.